उन्नब्बे

भिलाईत राहून कारखान्यावर लिहायचं म्हणजे भट्टीवरच लिहायला पाहिजे, असा एक समज आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी ना कोणी तो लाल उजेड, ते वितळलेलं लोखंड आणि त्या झळा यांच्यावर लिहितोच. त्यांचं बरोबर आहे, त्यांनी ते भोगलंय. माझी सगळी नोकरी मात्र एका थंड खोलीत, काचेच्या दाराआड गेली. त्या खोलीत सगळ्यात गरम वस्तू म्हणजे पॉवर सप्लायची पाठ, आणि तिच्यावर मी हिवाळ्यात हात शेकायची. भट्टी मी पाहुण्यांसारखीच पाहिली, हेल्मेट घालून आणि लांबून. म्हणून संपादकांनी 'यंदा तुम्हीही लिहा' म्हटल्यावर मी आधी टाळाटाळ केली. मग वाटलं, थंड खोलीतल्या माणसांचंही कोणीतरी लिहावं. आम्ही मोजकेच होतो. खरं सांगायचं तर काही महिने दोघी, आणि बाकीची सगळी वर्षं मी एकटी.

मी मूळची साकोलीकडची. मॅट्रिकपर्यंत मामाकडे शिकले, पाढे मामीने मराठीत घोटून घेतले. बाबा इथे कारखान्यात क्लार्क होते, म्हणून नंतर भिलाईला आले, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि इन्स्ट्रुमेंट लॅबमध्ये लागले. हिंदी बोलायला इथे आल्यावर शिकले, पण हिशेब डोक्यात मराठीतच चालायचा, अजूनही चालतो. लॅबमध्ये बाई मी एकटीच. आमचे साहेब मुखर्जी, मनाने अगदी भले, पण त्यांना एका गोष्टीची फार धास्ती होती: बाईमाणसाला शॉपफ्लोअरवर पाठवलं आणि काही झालं तर? त्यामुळे कुठे काही बिघडलं की लॅबमधली मुलं हत्यारांच्या पिशव्या घेऊन मिलमध्ये जायची आणि मी टेबलाशी बसून प्रेशर गेज तपासायची. दुपारी ती परतायची ती एकमेकांना सांगायच्या गोष्टी घेऊन, आणि मी जवळ गेले की गोष्ट बदलायची. कोणी वाईट नव्हतं. पण डबा मी एकटीच खायची, आणि त्याचा मला त्रास व्हायचा.

तेवढ्यात तो किट आला. आधुनिकीकरणाच्या कुठल्याशा योजनेत खरेदी झाली होती. शाळेच्या पाटीएवढा हिरवा बोर्ड, त्यावर पुष्कळ पायांच्या काळ्या चिप, कॅल्क्युलेटरला असतात तशी बटणं आणि लाल आकडे दाखवणारी एक छोटी पट्टी. सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक. त्याला मायक्रोप्रोसेसर डेव्हलपमेंट किट म्हणायचे. रीतसर हार घातला, नारळ फोडला, तोही दाराबाहेर, कारण बोर्डावर पाणी उडेल अशी साहेबांना भीती. फोटो निघाले आणि किट कपाटात गेला. मुलांना त्यात काही रस नव्हता. त्याला ना नट ना बोल्ट, ग्रीस लावायची कुठे तर जागाच नाही. शेवटी एक दिवस साहेबांनी मला बोलावून कपाटाची किल्ली दिली. बसून करायचं काम आहे, तुम्ही करा, म्हणाले. त्या किटसाठी काचेच्या दाराची, एअरकंडिशनर लावलेली वेगळी खोली होती. आधी निदान चार माणसांत एकटी होते, आता भिंतींत एकटी झाले.

ज्यांनी असं काही पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या मशीनला इंग्रजी कळत नाही, हिंदी नाही, आपली मराठी तर नाहीच. तिला फक्त आकडे कळतात. बेरीज कर म्हणायला एक आकडा, वजाबाकी कर म्हणायला दुसरा, अमुक आकडा उचलून तमुक जागी ठेव म्हणायला तिसरा. बरं, आकडेही आपले नाहीत. तिचा हिशेब सोळाचा. नऊनंतर दहा येत नाही, ए येतो, मग बी, सी, असं करत एफ. म्हणून तिच्या आज्ञा कधी 80 अशा दिसतात, कधी 3E अशा. आपल्याला काय करून घ्यायचं ते आधी कागदावर ओळीने लिहायचं, मग भिंतीवरच्या तक्त्यात बघून प्रत्येक ओळीचा आकडा शोधायचा, आणि मग ते सगळे आकडे एकेक करून बटणांनी मशीनमध्ये भरायचे. भरून झाले की 'गो' दाबायचं. आणि संध्याकाळी लॅबचा मेन स्विच पाडायचा नियम असल्यामुळे मशीन रात्रीतून सगळं विसरायची. सकाळी पुन्हा कोरी पाटी, पुन्हा पहिल्यापासून भरा.

माझा पहिला प्रोग्रॅम दोन आणि तीन यांची बेरीज करण्याचा होता. पुस्तक वाचत, चुकत, परत वाचत किती दिवस गेले ते आठवत नाही. पण एका सकाळी पट्टीवर लाल पाच उमटला. मी खुर्चीतून उठले. काचेतून बाहेर पाहिलं तर कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. बाबा तोवर गेले होते, रुआबांध्याच्या घरात आम्ही दोघीच. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "दोन आन् तीन पाच? हे सांगाले तुले मशीन देल्ली का कंपनीनं? मले इचारलं असतं त मी फुकटात सांगतलं असतं." मी हसले, पण मला वाटत होतं की कोणीतरी त्या पाचाकडे माझ्यासारखं बघावं.

बघायला लोक येत नव्हते असं नाही. मे महिन्यात तर साऱ्या कारखान्याला मायक्रोप्रोसेसरची गोडी लागायची. चपला दाराशी काढून एकेक जण आत येऊन बसायचा, कपाळ पुसायचा, 'फारच छान आहे' म्हणायचा, आणि बघत असायचा एअरकंडिशनरकडे. एका गृहस्थांनी मुलीची पत्रिका आणली होती. ही मशीन तसलं करत नाही म्हटल्यावर त्यांनी मोठ्या सहानुभूतीने मला विचारलं, मग करते तरी काय? युनियनचे एक जण मात्र दारातच उभे राहून विचारून गेले की ही किती माणसं खाणार. मी म्हटलं, अजून तर तिला चालवायलाच माणूस कमी पडतो. ते खरंच होतं.

आकडे भरण्याचं काम एकट्याचं नाही, असं त्या पुस्तकातही लिहिलं होतं. नजर कागदावरून बटणांवर आणि बटणांवरून कागदावर अशी सारखी फिरते, मध्येच ओळ सुटते, आणि एक आकडा सुटला की त्यापुढचे सगळे एका जागेने सरकतात. म्हणून एकाने वाचावं, दुसऱ्याने दाबावं. मी साहेबांकडे माणूस मागितला. लॅबमधल्या कोणाला बटणं दाबायला बसवणं शक्य नव्हतं, त्यांच्या मानाचा प्रश्न होता. शेवटी टायपिंग पूलमधून, म्हणजे सगळ्या टायपिस्ट बायका एकत्र बसायच्या तिथून, श्यामा देवांगन आली.

श्यामा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. जामुलची. नवरा आजारपणात गेला तेव्हा त्याच्या जागी हिला टायपिस्ट म्हणून लावून घेतलं होतं. सासरी राहायची, लोकल बसने यायची. पूलमधल्या बायका तिच्याशी वाईट वागत नव्हत्या, पण नवऱ्यासाठी धरायच्या तीजेच्या उपासाच्या, सणावाराच्या गोष्टी निघाल्या की तिला वगळून बोलायच्या. म्हणजे आमच्या लॅबमधल्या पोरांचंच दुसरं रूप. पहिल्या दिवशी ती दाराशी चपला काढून आत आली, किटकडे बघितलं, आणि "ये तो टाइपराइटर से भी छोटा है" म्हणून बसली. तिची बोटं विजेसारखी चालायची. प्रोग्रॅम म्हणजे काय हे मी समजावून सांगायला गेले तर म्हणाली, तुम्ही बोला, मी दाबते, आकड्यांचं पुढे काय होतं ते तुमचं तुम्ही बघा.

त्यानंतर रोज सकाळी आमचं वाचन सुरू झालं. मी टेबलाच्या एका बाजूला कागद घेऊन, ती दुसऱ्या बाजूला किट घेऊन. मी हिंदीत वाचायची, कारण तिची भाषा ती. मी म्हणायची "तीन ई", ती दाबायची, पट्टीवर काय उमटलं ते बघून उलट म्हणायची "तीन ई, हव", आणि त्या हवला, म्हणजे इकडच्या 'हो'ला, मी पुढे जायची. पुस्तकाप्रमाणे दरेक आकडा सुटा वाचायला पाहिजे, आठ, शून्य असा. पण श्यामाने अकाउंट्सची स्टेटमेंटं टाइप करण्यात उमेदवारी केलेली. तिला सुटे आकडे म्हणजे खडे लागल्यासारखे व्हायचे. म्हणून अक्षर असलं तर सुटं आणि दोन्ही आकडे असले तर सरळ पूर्ण संख्या, असं आमचं ठरलं. अस्सी, हव. इक्कीस, हव. भजनाला लागावी तशी लय लागायची. मशीन रोज रात्री सगळं विसरते याचा मला पूर्वी वैताग यायचा. आता सकाळी घरून निघताना बरं वाटायचं की ती विसरली असेल.

मग डबा आम्ही दोघी मिळून खायला लागलो. तिच्या डब्यात तांदळाच्या पिठाचा चीला, माझ्या डब्यात आईने केलेल्या पाटोड्या. ती आईची पाककृती विचारायची, मी तिच्या सासूच्या तक्रारी ऐकायची. फार काही खोल बोलत नव्हतो. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कामावरून घरी येऊन आईला कामाशिवायचं काही सांगायला लागले.

साहेबांनी आम्हाला पहिलं खरं काम दिलं ते बेल्टचं. नंदिनीच्या खाणीतून येणारा चुनखडीचा दगड कारखान्यात लांबच लांब पट्ट्यांवरून पुढे जातो. पट्ट्याखाली वजनकाटा असतो, आणि किती टन दगड गेला ते एक जुना दातेरी चाकांचा काउंटर मोजायचा. तो धुळीने अडकायचा. त्याच्या जागी आमच्या मशीनने बेरीज करायची होती. काट्याकडून टनाचा इशारा आला की आधीच्या बेरजेत एक मिळवायचा आणि आपल्या दहाच्या हिशेबात लाल आकड्यांत दाखवायचा, बस्स. साहेब म्हणाले, ट्रायल पास झाली तर अशी पुष्कळ कामं मिळतील, आपण दोन माणसांचा वेगळा सेल मागू, मिसेस देवांगन कायमच्या इकडे येतील. नापास झाली तर किट कपाटात, त्या परत पूलमध्ये, आणि तुम्ही आहातच प्रेशर गेजला. माझ्यासाठी त्या ट्रायलमध्ये एवढंच पणाला लागलेलं होतं. दगड किती टन गेला याच्याशी मला काय करायचं होतं?

ट्रायलला बेल्टच्या गॅलरीत दोन बायका हेल्मेट घालून आल्या हेच तिथल्या लोकांना मोठं नवल होतं. कोणीतरी खुर्च्या पुसून दिल्या. तिथले फोरमन बागडे आमच्याच भंडाऱ्याकडचे, ते मराठी ऐकून खूश झाले. धुळीत, पट्ट्याच्या घरघराटात मी ओरडून वाचलं, श्यामाने ओरडून 'हव' म्हटलं. गो दाबलं. आकडे चढायला लागले. साहेब, बागडे, चार कामगार, सगळे लाल आकड्यांकडे बघत उभे. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. आणि मग शून्य.

पुन्हा एकपासून चढायला लागले आणि पुन्हा नव्व्याण्णवनंतर शून्य. शेजारचा जुना काउंटर आपला शंभराच्या पुढे खडखडत गेला होता. बागडे हळूच मला म्हणाले, "बाई, तुमची मशीन शंभराले भिऊन राहिली वाटते." कोणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळात बघितलं आणि फॉल्ट सापडेपर्यंत ट्रायल बंद असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी श्यामा पूलमध्ये परत गेली.

मशीनचं काय होत होतं ते मला लगेच कळलं होतं. शाळेत आपण बेरीज शिकतो तेव्हा बाई सांगतात, नऊ आणि एक दहा, शून्य मांडा आणि हातचा एक. मशीन एका जागी दोन आकडे ठेवते, म्हणून तिचा हातचा नव्व्याण्णवनंतर येतो, आणि तोच ती विसरत होती. पण का विसरत होती ते कळेना. लॅबमध्ये आम्ही बटणाने इशारे देऊन चाळीस-पन्नासपर्यंतच तपासलं होतं, तिथे हातच्यापर्यंत वेळच आली नव्हती. आता मी एकटीने सगळा प्रोग्रॅम भरला, बोटाने ओळ धरून, एकेक आकडा दोनदा बघून. शंभर आले. एकशे एक आले. दुसऱ्या दिवशी भरला, परत बरोबर. मी बोर्ड गरम करून बघितला, हलवून बघितला, वायर बदलल्या. रोज सकाळी तो शंभर ओलांडायचा, जणू गॅलरीत काही झालंच नव्हतं.

साहेब म्हणाले, चालतंय ना, मग चला ट्रायलला. मी नाही म्हटलं. का बिघडलं हे माहीत नसेल तर का चालतंय हेही माहीत नसतं, आणि असली वस्तू मी बेल्टवर लावणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. एवढं बोलण्याची हिंमत माझ्यात कुठून आली कोण जाणे. पण ही आमच्या धंद्यातली गोष्ट मी आजही धरून आहे. सापडलेला बिघाड कितीही मोठा असला तरी चालतो, आपोआप बरा झालेला बिघाड चालत नाही. दिवसचे दिवस मी त्या खोलीत बसून शोधत होते. सकाळी भरताना मनातल्या मनात वाचायची आणि समोरची खुर्ची रिकामी. आईने एकदा विचारलंच, "कावून वं, जेवून नाही राहिली? मशीननं तुले खाल्लं का?"

शेवटी माझ्या ध्यानात आलं की गॅलरीतल्या दिवशी जे होतं त्यातली एकच गोष्ट मी परत जमवली नव्हती. मी साहेबांकडे जाऊन श्यामाला एका दिवसासाठी मागितलं.

ती आली, चपला काढल्या, खुर्ची पुढे ओढली. आम्ही वाचायला लागलो. किती दिवसांनी मी ते 'हव' ऐकत होते. भरून झालं, मी इशारे दिले आणि पट्टीवर नव्व्याण्णवनंतर शून्य आलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बिघाड परत आला होता, म्हणजे तो याच खोलीत होता. मी म्हटलं, आता मी काही वाचत नाही, तू एकेक जागा उघड आणि तुला काय दिसतं ते फक्त सांग. मी कागदावर बोट धरून बसले. ती सांगत गेली, माझं बोट सरकत गेलं. मग ती म्हणाली, "नब्बे." माझ्या बोटाखाली 89 होतं.

मी विचारलं, मी काय वाचलं होतं? ती म्हणाली, "आप ही तो बोले, उं, नब्बे." मी म्हटलं, उन्नब्बे म्हटलं मी, उन्नब्बे. एकोणनव्वद. तिने पट्टीवरून मान वर केली. मग म्हणाली, "दीदी, उन्नब्बे कुछ होता ही नहीं. वो तो नवासी है."

वाचकहो, आता मराठीत बघा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी, एकोणनव्वद. हिंदीतही तसंच चालतं: उनतीस, उनतालीस, उनसठ, उन्यासी. आणि मग अचानक त्यांचा तो 'उन' थांबतो आणि पुढे येतं नवासी. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी मामीच्या पाढ्यांवरून सरळ पुढचा शब्द बनवला होता. आणि मला वाचताना मध्येमध्ये 'उं' करायची सवय, त्यामुळे श्यामाला वाटायचं की बाई विचार करतायत आणि मग नब्बे म्हणतायत. ती 90 दाबायची, उलट 'नब्बे, हव' म्हणायची, आणि मला त्यात माझंच उन्नब्बे ऐकू यायचं. मशीनच्या भाषेत 89 म्हणजे हातचा धरून बेरीज. 90 म्हणजे वजाबाकी, आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी ती शून्याची वजाबाकी होत होती. म्हणजे काहीच होत नव्हतं, हातचा तेवढा वाऱ्यावर जात होता. मी एकटी असताना मला शब्द लागतच नव्हता, मी 89 बघून 89 दाबत होते. चूक तिची नव्हती, माझीही धड नव्हती. आम्ही दोघी एकत्र बसलो की ती व्हायची.

आम्ही दोघी हसलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. श्यामा 'उन्नब्बे, उन्नब्बे' म्हणत टेबलावर डोकं ठेवून हसत होती. काचेबाहेर थांबून कोणीतरी बघून गेलं. मी कागद उचलला आणि साहेबांकडे निघाले. श्यामाने हसू आवरून विचारलं, "अभी जा रहे हैं क्या?" मी म्हटलं, आत्ताच जाते.

साहेबही खूप हसले. त्यांनी दोन जणांना बोलावून मला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले की मशीन बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, काटा बरोबर, तेव्हा बिघाड एकच राहिला, दोन माणसं. मी घाईघाईने म्हटलं, सर, आता आम्ही सुटे आकडे वाचू, आठ, नऊ असे, मग असं होणारच नाही. ते म्हणाले, "मिस कापगते, आप अकेली करती हैं तो गलती होती ही नहीं. ये तो आपने खुद प्रूव किया." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी इतके दिवस खपून तेच सिद्ध केलं होतं.

दुसरी ट्रायल मी एकटीने भरून दिली. नव्व्याण्णवनंतर शंभर आले, बागड्यांनी टाळी वाजवली, आणि "भेव गेलं तिचं" म्हणाले. प्रोग्रॅम मग कायमचा एका चिपमध्ये भरला, मेन स्विच पाडला तरी न विसरणाऱ्या. कारखान्याच्या मासिकात माझा किटसोबत फोटो आला. सेल मंजूर झाला, पण एका माणसाचा. आईने फोटो शेजारीपाजारी दाखवला, आणि मला म्हणाली, "चालून राहिली न तुही मशीन? मंग कावून तोंड पाडून बसली?" सगळं चांगलं झालं होतं आणि ते मला नको होतं, हे आईला कसं सांगायचं?

काही वर्षांनी मायक्रोकंट्रोलरचा नवा किट आला, सोबत कॉम्प्युटर आणि फ्लॉपीवरचं सॉफ्टवेअर. आता कागद नको, तक्ता नको. आज्ञा कीबोर्डवर लिहायची, तिचे आकडे सॉफ्टवेअर स्वतः शोधतं आणि केबलवाटे बोर्डात उतरवतं. चुकलं तर कितव्या ओळीत चुकलं तेही सांगतं. पूर्वीचं आठवड्याचं काम दुपारच्या चहापर्यंत व्हायचं. मी ते लॅबमध्ये सगळ्यांआधी शिकले आणि मला ते मनापासून आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू. पण दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नसे. संध्याकाळी गेटवर कोणी नमस्कार केला की आवाज खाकरून घ्यावा लागायचा.

त्याच सुमारास टायपिंग पूल बंद होणार असं ठरलं आणि टायपिस्टांना बॅचने आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर शिकायला पाठवू लागले. एका बॅचमध्ये श्यामा आली. केस कानाशी पांढरे झाले होते. चपला काढायचा नियम केव्हाच गेला होता, पण तिने काढल्या. वर्गात ती मागे बसली आणि सगळ्यांआधी शिकली. बाकीच्या बायका चहाला गेल्या तेव्हा ती मागे राहिली. घरचं विचारून झालं. आई गेल्याचं मी सांगितलं, सासू गेल्याचं तिने सांगितलं. मग तिने विचारलं, "दीदी, वो पट्टे वाली मशीन चल रही है?"

मी म्हटलं, चालतेय.

"कभी बिगड़ी नहीं?"

"एकदाही नाही," मी म्हटलं. मला वाटतं, जरा ऐटीतच म्हटलं.

ती कीबोर्डवरची धूळ पदराने पुसत होती. म्हणाली, "एक बार बिगड़ जाती, तो आप हमको बुला लेते."

बाहेरून चहा घेऊन बायका आल्या आणि वर्ग पुढे सुरू झाला. त्यानंतर ती बदली होऊन कुठल्याशा स्टोअरच्या ऑफिसात गेली. बेल्टवरची मशीन पुढेही चालत राहिली. तिने धूळ खाल्ली, उन्हाळे काढले, दोन साहेब रिटायर होताना पाहिले. शेवटी तो पट्टाच बदलला तेव्हा मी स्वतः जाऊन ती उतरवून आणली, तेव्हाही तिचे लाल आकडे लागलेले होते आणि बेरीज बरोबर होती. मी नोकरीत केलेल्या सगळ्या कामांत ते सगळ्यात पक्कं काम. ती कधीच बिघडली नाही.